सगळ्याला हेदर म्हणू नका: ओळखताना होणाऱ्या चुका टाळा

इथे लंडनच्या बाजूला सप्टेंबर आला की दुकानांबाहेर जांभळ्या-गुलाबी फुलांच्या बुटक्या झुडपांच्या कुंड्या मांडतात आणि सगळ्यांवर नाव एकच, हेदर. पहिल्या वर्षी मीही सहा उचलल्या, एकाच वाफ्यात लावल्या, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चारांचा खराटा झाला.

खरं हेदर म्हणजे कॅलुना वल्गॅरिस, कॅलुना या गटात ही एवढी एकच जात. त्याच्यासारखंच दिसणारं हीथ म्हणजे एरिका हा दुसरा गट, तिच्या जाती शेकड्यांनी, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या. आता गंमत बघा, बेल हेदर आणि विंटर हेदर यांच्या नावात हेदर असलं तरी दोन्ही एरिकाच, त्यामुळे लेबलवर लॅटिन नाव असेल तर तेच वाचा.

रंगावर तर जाऊच नका, भडक निळं हेदर दिसलं तर रंग फवारलाय समजा. पान बघा. काडी डोळ्याजवळ धरा, कॅलुनाची पानं बारीक खवल्यांसारखी, जोडीजोडीने एकमेकांवर बसलेली, जणू घट्ट वेणी घातलीय. एरिकाची पानं सुईसारखी, काडीपासून सुटी, बेल हेदरला एका पेरावर तीन-तीन, आणि दलदलीत वाढणाऱ्या क्रॉस-लीव्ह्ड हीथला चार-चार, वरून बघितलं की अधिकचं चिन्ह.

एवढी चिकित्सा कशाला, तर कॅलुना आणि बेल हेदरला चुन्याची माती अजिबात चालत नाही आणि इथलं नळाचं पाणी इतकं हार्ड की किटलीत चुन्याचा पांढरा थर बसतो, मी तेच रोज घालत होते! पावसाचं पाणी साठवून घाला. माझ्या वाचलेल्या दोन कुंड्या निघाल्या विंटर हेदरच्या, म्हणजे आल्प्सकडची एरिका कार्निया, ती थोडाफार चुना सोसते.

छाटणीतही तेच. कॅलुना मार्च-एप्रिलमध्ये छाटा, विंटर हेदर फुलं संपल्यावर लगेच, आणि दोन्हीकडे हिरवा भाग ठेवूनच, कारण जुन्या तपकिरी लाकडात कात्री घातली तर कॅलुना सहसा परत फुटत नाही.

आणि पुण्यात नर्सरीवाले मेक्सिकन हेदर म्हणून देतात ना, ते यातलं कुठलंच नाही. ती क्युफिया, मेहंदी, डाळिंब आणि आपल्या तामणाच्या कुळातली. आईच्या गॅलरीत मजेत फुलते, नळाच्याच पाण्यावर.