पोट्ट्या, लोणी नाही चालत इथं

गझल लिहायला लागून वर्ष झालं असेल तेव्हा नागपुरात प्रतापनगरला एका काकांच्या गच्चीवर रविवारच्या बैठकीत पहिल्यांदा वाचली, सात-आठ जण आणि तर्री पोहे. अशा गटात नवीन जाणार असाल तर वाचा, मला तेव्हा कोणीच काही सांगितलं नव्हतं.

माझा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, होता,
डोळ्यात साठलेली होती जुनी विराणी
येऊन रात्र गेली, दारात फक्त पाणी

सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन पाणी घरात शिरलं त्या रात्रीवरचा हा शेर, मला तर वाचताना तरंगणारा सोफाच दिसत होता. अकोल्याची एक ताई म्हणाली, मस्त आहे, ब्रेकअपचा ना? मग मी बसलो समजावत, अंबाझरी, नागनदी, डागा लेआउट, फ्रीज आडवा झाला वगैरे. तिने शांतपणे ऐकलं न् म्हणे, "हो, पण मंग हे शेरात कुठंय?"

काय बोलणार बाप्पा. तेव्हापासून वाचून झालं की मी तोंड बंद ठेवतो न् कोणाला काय वाटलं ते वहीत लिहितो, चुकीचं वाटलं असेल तर ते आधी लिहितो. घरी येऊन पहिली ओळ बदलली, "भिंतीवरी चिखल हा सांगेल ती कहाणी". आता ब्रेकअप कोणी म्हणत नाही.

त्याच गझलेत पुढे मी लोणी हा काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, घेतला होता. काका म्हणाले, पोट्ट्या, लोणी नाही चालत इथं, मतल्यात विराणी-पाणी म्हणजे अलामत, णीच्या आधीचा स्वर, आ ठरली, लोणीत ओ येतो. मी पंधरा मिनिटं भांडलो, काहून ते आज सांगता येत नाही. अलामत, काफिया, मात्रा यांत चूक दाखवली की मोजून पाहायचं, विषय संपला. "मला शेर भरतीचा वाटला" ही मात्र आवड आहे, तीन जण तेच म्हणाले तरच मी शेर काढतो.

दुसऱ्याच्या गझलेवर सांगताना "वा वा" न् "जमली नाही" दोन्ही बेकार. मी एकाला नुसतं जमली नाही म्हटलं तर तो दोन महिने आलाच नाही. आता कोणत्या शब्दाला अडखळलो ते सांगतो. आणि हो, गझल तहतमध्येच, म्हणजे न गाता, वाचायला लावा, तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर गाताना, गोड गळ्याखाली मात्रेची खोट लपून जाते, आमच्यात एक जण तर याच जोरावर वर्षभर सुटून राहिला होता.

लोणीवाला शेर अजून वहीतच पडलाय, दोणी-गोणीचा मतला सुचला तर बघू.