न्यूरोच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) बीपी आणि हार्ट रेट सांभाळताना या चुका टाळा

डोक्याच्या ऑपरेशनमध्ये बीपीचा आकडा बदलला की भूल देणाऱ्या नव्या रेसिडेंटचा (शिकाऊ डॉक्टरचा) हात आधी सिरिंजकडे जातो. या लेखातल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. मेंदूला रक्त पुरवणारा दाब म्हणजे सरासरी बीपीतून कवटीतला दाब वजा करून उरतो तो. त्यामुळे आकडा का हलला हे कळल्याशिवाय दिलेलं औषध नेमका तोच दाब पाडू शकतं.

एक चूक तर औषध भरण्याआधीच होते. टेबलाची डोक्याकडची बाजू वर केलेली असते, पण ट्रान्सड्युसर (धमनीतलं बीपी मोजणारा सेन्सर) हृदयाच्याच पातळीला राहतो. कान हृदयापासून २० सेंटिमीटर वर असेल, तर तिथला दाब साधारण १५ मिमी पाऱ्यानं (mmHg) कमी असतो. मॉनिटर सरासरी बीपी ७० दाखवतो तेव्हा मेंदूच्या तळाशी ५५ असतात. ट्रान्सड्युसर कानाच्या छिद्राच्या रेषेत लावा आणि टेबल हललं की तोही हलवा.

मग येतात मेफिल्डच्या, म्हणजे डोकं घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पच्या, पिना. पिना कवटीत रुतल्या की काही सेकंदांत बीपी उसळतं, आणि फेंटानिल या वेदनाशामकाचा पूर्ण असर यायला ३ ते ५ मिनिटं लागतात. सर्जननं क्लॅम्प हातात घेतल्यावर फेंटानिल देणं म्हणजे उशीर झालाच. ते आधी द्या, ऐनवेळी प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा छोटा बोलस (एकदम द्यायचा डोस) तयार ठेवा. माझं मत विचाराल तर ब्युपिव्हॅकेनचा स्काल्प ब्लॉक (डोक्याची त्वचा बधिर करणारं इंजेक्शन) सगळ्यात भरवशाचा. उसळी आल्यावर लॅबेटालॉल (बीपी आणि नाडी उतरवणारं औषध) देणं मला पटत नाही. उसळी काही मिनिटांत ओसरते, त्यानंतर पोझिशन आणि ड्रेपिंगमध्ये बराच वेळ कसलाच स्टिम्युलस नसतो, पण लॅबेटालॉल काही तास टिकतं. मग बीपी पडतं, मेफेंटरमिन (बीपी चढवणारं औषध) जातं आणि झोके सुरू होतात. तशाच पण कमी वेळ टिकणाऱ्या एस्मोलॉलचं अर्धायुष्य सुमारे ९ मिनिटं आहे, इथे तेच योग्य. दम्याच्या पेशंटमध्ये मात्र दोन्ही जपून.

डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाचा लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस, किलोला १ मायक्रोग्रॅम, पूर्ण १० मिनिटांत द्यायचा. घाईत गेला तर आधी बीपी चढतं, नाडी उतरते आणि मागून बीपीही पडतं. बीपी चढलेलं असताना नाडी ४५ दिसली म्हणून नाडी वाढवणारं ग्लायकोपायरोलेट दिलं, तर बीपी धोकादायक चढू शकतं. वयस्कर पेशंटमध्ये मी लोडिंग टाळून थेट इन्फ्युजन लावायला सांगते.

नाडी मंदावण्याबाबतची गफलत सगळ्यात महागात पडते. बीपी १९०, नाडी ४५, ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) अजून बंद: हा कुशिंग रिफ्लेक्स असू शकतो. कवटीतला दाब वाढल्यामुळे शरीर बीपी चढवून मेंदूला रक्त पोहोचवत असतं. इथे लॅबेटालॉल दिलं तर तो आधारच जातो. डोकं वर करा, मानेवर दाब किंवा पीळ नाही ना ते बघा, कार्बन डायऑक्साइड तपासा, सर्जनला सांगा, मॅनिटॉलचं (मेंदूतलं पाणी ओढून दाब उतरवणारं औषध) ठरवा. नायट्रोग्लिसरिनही या टप्प्यावर नको, ते मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगवून दाब आणखी वाढवतं.

याउलट फॉल्क्स, टेन्टोरियम (मेंदूचे भाग वेगळे करणारे ड्युराचे पडदे) किंवा चेहऱ्याच्या संवेदनेच्या ट्रायजेमिनल नर्व्हजवळ काम चालू असताना नाडी आणि बीपी दोन्ही एकदम कोसळले, तर मोठ्यानं म्हणा, "सर, हात थांबवा." बहुतेक वेळा काही सेकंदांत नाडी परत येते. नाही आली तर नाडी वाढवणारं ॲट्रोपिन. न बोलता ॲट्रोपिन देऊन नाडी सावरली, तर ओढ कुठे बसतेय हे सर्जनला कळतच नाही. ब्रेनस्टेमजवळ (मेंदूच्या देठाजवळ) ही सूचना दडपणं फार घातक.

ओटीत फेनिटॉइन (झटके रोखणारं औषध) लोड करत असाल तर मोठ्यांमध्ये मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, बीपी आणि नाडी दोन्ही पडतात.

शेवटी पेशंट उठवताना बीपी चढतं आणि ऑपरेशनच्या जागी रक्तस्रावाची भीती असते, म्हणून लॅबेटालॉल भरलेलं हवंच. पण आधी वेदना, साठलेला कार्बन डायऑक्साइड आणि मॅनिटॉलनं लघवी वाढल्यावर तुंबलेली कॅथेटर पाहा. बीपी चढलंय, पेशंट अपेक्षेप्रमाणे जागा होत नाही आणि डोळ्याची एक बाहुली मोठी दिसतेय, तर सर्जनला बोलवा आणि पेशंट थेट सीटीला न्या.