विणायला बसताय? या चुका टाळा

विणताना डोकं शांत होतं, हे अगदी खरं. पण पहिल्याच आठवड्यात स्वेटर संपवायची घाई करणाऱ्यांना ते सुख मिळत नाही. हात सैल सुटायला वेळ द्यावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ सुईच्या नंबरात होतो. आपल्याकडे बहुतेक दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नंबरांचं उलटं. आपली ८ नंबर ४ मिलिमीटरची, त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीला दोन वर्षांच्या भाच्यासाठी सोलापूरच्या, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी स्वेटर पुरा करायचा होता. अमेरिकन व्हिडिओ बघून तिने इथली ८ नंबर घेतली. आधी छोटा चौकोनी नमुना विणून टाके मोजून बघ म्हटलं, तर म्हणे, "काकू, त्यात उगाच वेळ जातो." व्हिडिओत १० सेंटिमीटरला १८ टाके होते, हिचे बसत होते २२. ५४ टाक्यांचा पुढचा भाग ३० ऐवजी साडेचोवीस सेंटिमीटरच भरला. स्वेटर बाळाच्या काखेत अडकला आणि पोरगं रडायला लागलं. मग अख्खा उसवला.

मी दुकानात नंबर विचारतच नाही, मिलिमीटर विचारते. वीतभर चौकोन विणते, धुते, सपाट वाळवते आणि न ताणता मधले टाके मोजते. नमुना टाळणाऱ्याला मी पुढचं शिकवत नाही.

टाका सुटला तर घाबरून सुई ओढू नका. क्रोशाच्या सुईने खालून एकेक पायरी वर आणा. ओळ अर्धवट सोडून उठू नका. सगळी लोकर एकदमच घ्या, आणि गुंड्याच्या कागदावरचा रंगाचा लॉट नंबर जुळवूनच. नाहीतर बाहीचा रंग वेगळा दिसतो. टाके बंद करताना जाड सुई घ्या, गळा आवळत नाही.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये घामेजल्या हाताला अ‍ॅक्रिलिक चिकटतं, टाके सरकत नाहीत, की लोक ओढाताण करतात आणि वीण कडक होते. तेव्हा लोकर पेटीत ठेवा, सुती दोरा घ्या आणि पहाटे गच्चीवर बसा. फक्त सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, रिब (काठाची सुलट-उलट वीण) लवकर सैल पडते. म्हणून अंग १० नंबरवर विणत असाल तर रिब ११ वर घाला.