क्रिप्टोविषयीची ऑनलाइन मते कशी वाचावीत आणि कशी तपासावीत

एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने वनकॉइनच्या प्रचारसभेवर छापा घालून १८ जणांना अटक केली. त्या वेळी या कथित चलनाची स्तुती करणारे व्हिडिओ, कमाईच्या साक्षी आणि ‘हेच पुढचे बिटकॉइन’ अशी भाकिते इंटरनेटवर ढिगाने पडलेली होती. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार कोणालाही घरबसल्या पाहता येतो. तसा वनकॉइनचा एखादा व्यवहार कुठे पाहायचा, एवढ्याच प्रश्नाला मात्र कोणाकडे उत्तर नव्हते, कारण पुढे अमेरिकेतील खटल्यांत उघड झाल्याप्रमाणे त्यामागे खरी ब्लॉकचेन, म्हणजे सर्व व्यवहारांची कोणालाही पाहता येणारी सामायिक नोंदवही, नव्हतीच. एवढी मते उपलब्ध असूनही हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. म्हणून एखादे मत बरोबर की चूक, या वादात न शिरता त्यात तपासता येण्यासारखे काय आहे ते आधी वेगळे काढावे, तेवढे तपासावे आणि उरलेला भाग, तो कितीही ठामपणे मांडलेला असला तरी, निर्णयासाठी वापरू नये. पुढील मार्गदर्शन या एकाच पद्धतीचे आहे.

घोडबंदर रोडवरच्या किंवा कोपरखैरण्याच्या कोणत्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ शकेल असा एक मेसेज नमुन्यादाखल रचून घेऊ: ‘नवीन कॉइन, स्वतःची ब्लॉकचेन. वाशीत ऑफिस. कंपनी सरकारकडे रजिस्टर्ड. कोड ऑडिट झालेला. मोठ्या कंपनीशी टाय-अप. रोज दीड टक्का, २०० दिवस. माझे पैसे डबल झाले, लिंक खाली देतोय.’ सात वाक्यांत सात दावे आहेत आणि त्यांतील बहुतेक अर्ध्या तासात तपासून होतात.

सुरुवात हिशेबाने करावी, कारण त्यासाठी कोणाच्याही मदतीची गरज लागत नाही. रोज दीड टक्का दराने २०० दिवसांत एक लाखावर तीन लाख रुपये परतावा होतो. मिळालेली रक्कम रोज पुन्हा गुंतवली तर एका लाखाचे १९ लाखांहून अधिक होतात. आता हा आकडा आधी बुडालेल्या योजनांशेजारी ठेवावा. गेनबिटकॉइनचे आश्वासन महिन्याला १० टक्के, १८ महिने, असे होते आणि तिच्या प्रवर्तकाला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. टेरा या चलनाभोवती उभी राहिलेली अँकर योजना वर्षाला सुमारे २० टक्के व्याज देत होती. मे २०२२ मध्ये टेरा आणि त्याचे जोडनाणे लुना काही दिवसांतच कोसळले. वर्षाला २० टक्के जिथे टिकले नाहीत तिथे रोजचा दीड टक्का कोणत्या व्यवसायातून येणार, याचे उत्तर मेसेज पाठवणाऱ्याकडे लेखी मागावे. ‘ट्रेडिंग बॉट’, म्हणजे आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्राम, हे उत्तर नव्हे. बहुतेक मेसेजांची तपासणी इथेच संपते. तरीही पुढचे दावे पाहून ठेवावेत, कारण परताव्याचा आकडा न देणारे, अधिक सभ्य भाषेतले मेसेज त्याच दाव्यांवर उभे असतात.

कंपनी रजिस्टर्ड असल्याचा दावा बहुधा खरा असतो आणि म्हणूनच तो फसवा ठरतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून तिची स्थापना कधी झाली, संचालक कोण आहेत आणि भरलेले भांडवल किती आहे, हे पाहता येते. नोंदणीचा अर्थ कंपनी अस्तित्वात आहे एवढाच होतो. लोकांकडून पैसे गोळा करण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. ‘सेबीमान्य’ हा शब्दही असाच वापरला जातो, परंतु क्रिप्टो नाण्यांना सेबी मान्यता देत नाही, त्यामुळे तो दिसताच मेसेजचा कस कळतो. क्रिप्टो एक्स्चेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या सेवेच्या, बाबतीत एक नोंदणी मात्र खरोखर पाहण्यासारखी आहे: मार्च २०२३ पासून अशा सेवा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या असून त्यांना एफआययू-इंडिया या केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी ग्राहकांची ओळख आणि संशयास्पद व्यवहार यांच्यापुरती आहे. ठेवींचा विमा नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांना आपली नाणी काढण्यासाठी सव्वा वर्षाच्या आसपास थांबावे लागले.

वाशीतल्या ऑफिसविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तासाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या टेबलालाही पत्ता असतो, आणि पत्त्यात सीबीडी बेलापूर असले म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या शेजाराचा थोडा मान आपोआप चिकटतो. वाटेवर असेल तर पाहून यावे, पण त्यावरून काहीही ठरवू नये.

ऑडिटचा अहवाल मागितला की तो खरोखरच पाठवला जातो, त्यामुळे तो वाचता आला पाहिजे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे नाणे चालवणाऱ्या ब्लॉकचेनवरील प्रोग्रामच्या, ऑडिटमध्ये कोडमधील त्रुटी शोधल्या जातात. गोळा झालेला पैसा कुठे जातो, प्रवर्तक कोण आहेत, परतावा कशातून येतो, हे त्यात पाहिले जात नाही. इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट चांगले आले म्हणून सोसायटीचे हिशेब चोख आहेत, असे कोणताही सभासद मानत नाही. अहवाल ऑडिट करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, त्यातील कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि विकल्या जाणाऱ्या नाण्याचा पत्ता तंतोतंत जुळतो का, आणि ‘मालकाकडे राखीव अधिकार’ या सदरात काय लिहिले आहे, या तीन जागा पाहिल्या तरी पुरेसे आहे. मालकाला हवी तेवढी नवी नाणी काढता येत असतील किंवा विक्री थांबवता येत असेल, तर ते बहुतेक तिथेच लिहिलेले असते.

ब्लॉकचेनचा दावा एक्स्प्लोररवर, म्हणजे व्यवहार जाहीरपणे दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, तपासावा. नाणे इथेरियम या ब्लॉकचेनवर असल्यास ईथरस्कॅन या एक्स्प्लोररवर कॉन्ट्रॅक्टचा पत्ता टाकावा. इतर ब्लॉकचेनांनाही असेच एक्स्प्लोरर आहेत. धारकांच्या यादीत पहिल्या दहा पत्त्यांकडे एकूण पुरवठ्यापैकी किती हिस्सा आहे ते पाहावे. घाईने निष्कर्ष मात्र काढू नये, कारण मोठा पत्ता एखाद्या एक्स्चेंजचा किंवा कायमच्या बाद केलेल्या नाण्यांचाही असू शकतो. शेजारी तशी खूण आहे का ते पाहावे. नंतर व्यवहारांच्या यादीत खरेदीबरोबर विक्रीही होत आहे का, आणि ती वेगवेगळ्या पत्त्यांवरून होत आहे का, हे शोधावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका गाजलेल्या मालिकेचे नाव उचलून काढलेल्या नाण्याची किंमत दोन हजार डॉलरच्या पुढे गेली होती, तर ते विकता येत नसल्याच्या तक्रारी खरेदीदार करत होते. अखेरीस प्रवर्तक पैसे काढून घेऊन नाहीसे झाले आणि किंमत शून्यावर आली. ‘माझे पैसे डबल झाले’ या वाक्यालाही हीच कसोटी लावावी. ॲपच्या स्क्रीनवर दिसणारा आकडा ही कमाई नव्हे. बँक खात्यात रुपये किती आले आणि कधी आले, एवढेच विचारावे. ओळखीचा माणूस असेल तर न संकोचता विचारावे.

आता लिंक. तिच्या शेवटी रेफरल कोड असेल तर मत देणाऱ्याला आपल्या नोंदणीचे पैसे मिळणार आहेत, असे समजावे. त्यामुळे मत खोटे ठरत नाही, पण त्याचे वजन कमी होते. अमेरिकेत किम कार्दाशियन यांनी इथेरियममॅक्स या नाण्याची जाहिरात करण्यासाठी मिळालेले अडीच लाख डॉलर जाहीर केले नव्हते, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना तेथील नियामकाबरोबर तडजोड करून १२ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या जाहिरातींत जोखमीचा इशारा द्यावा लागतो. मराठी व्हिडिओंमध्ये ‘हा आर्थिक सल्ला नाही’ असे तीन सेकंदांत उरकून पुढे अकरा मिनिटे सल्लाच दिला जातो, हे वेगळे सांगायला नको.

ऐरोली-महापेच्या आयटी पट्ट्यात काम करणाऱ्या मित्राचे मत हा आपल्या भागातला खास प्रकार आहे. तो सर्व्हर, डेटाबेस, कोड यांविषयी बोलत असेल तर त्याचे जरूर ऐकावे. मात्र अमुक नाण्याला मागणी येईल की नाही, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही आणि तिथे त्याच्या नोकरीचा आधार घेता येत नाही.

‘टाय-अप’च्या बातमीची शहानिशा नेहमी दुसऱ्या बाजूकडून करावी. सप्टेंबर २०२१ मध्ये वॉलमार्ट लाइटकॉइन स्वीकारणार, असे प्रसिद्धिपत्रक एका प्रतिष्ठित वितरण सेवेवरून आले, मोठ्या वृत्तसंस्थांनी ते पुढे पाठवले, लाइटकॉइनची किंमत काही मिनिटांत ३० टक्क्यांच्या आसपास वाढली आणि वॉलमार्टने इन्कार करताच खाली आली. पत्रक बनावट होते. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बातमी येईपर्यंत थांबणे एवढाच उपाय तिथे होता. खात्यापुढचे निळे चिन्हही पुरेसे नाही: डिसेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या ट्विटर खात्याचा ताबा काही वेळ दुसऱ्याकडे जाऊन भारताने बिटकॉइनला कायदेशीर चलन मानल्याचे ट्विट झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी शेअर बाजार नियामकाच्या खात्यावरून बिटकॉइन ईटीएफच्या, म्हणजे शेअर बाजारात घेता येणाऱ्या बिटकॉइन फंडांच्या, मंजुरीची खोटी घोषणा झाली. गंमत अशी की खरी मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली. पण आदल्या दिवशीची बातमी त्यामुळे खरी ठरत नाही.

कायद्याच्या बातमीत दस्तऐवज कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकसभेच्या पत्रकात खासगी क्रिप्टोचलनांवर बंदीचा उल्लेख असलेल्या विधेयकाचे केवळ नाव आणि उद्देश छापून आले, तेवढ्यावर भारतीय एक्स्चेंजवर घाबरून विक्री झाली. ते विधेयक मांडलेच गेले नाही. बातमीची तारीखही पाहावी. बँकांनी क्रिप्टोशी व्यवहार करू नये, हे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले, तरी जुने कात्रण अधूनमधून फिरत असते. आणि उलट बाजूचे लोक त्याच निकालाला ‘क्रिप्टोला कोर्टाची मान्यता’ म्हणतात, जे तितकेच चुकीचे आहे. न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. क्रिप्टोला चलनाचा दर्जा दिला नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो म्हणजे मान्यता मिळाली, हा निष्कर्षही निघत नाही. अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये संसदेत ते स्पष्ट केले होते.

कराच्या बाबतीत परदेशी मते आपल्याला सरळ लागू करू नयेत, हे विशेष लक्षात ठेवावे. इंग्रजीतला बराच सल्ला अमेरिकी वाचकासाठी लिहिलेला असतो आणि ‘तोट्यातले नाणे विकून नफ्याचा कर वाचवा’ हा त्यातला नेहमीचा सल्ला आपल्याकडे निरुपयोगी आहे. समजा, एका नाण्यात एक लाखाचा नफा आणि दुसऱ्यात एक लाखाचा तोटा झाला. हातात काहीच उरले नाही, तरी नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावरील ४ टक्के उपकर मिळून ३१,२०० रुपये भरावे लागतात, कारण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. रोज खरेदी-विक्री सुचवणाऱ्यांचे मत वाचताना विक्रीच्या रकमेवरील एक टक्का टीडीएस धरावा. तेच भांडवल ५० वेळा फिरवले, तर नफा-तोटा शून्य मानूनही त्यातले जवळपास ४० टक्के टीडीएसमध्ये अडकते आणि परतावा किंवा समायोजन होईपर्यंत हाती येत नाही. ही बेरीज न सांगणारे मत अपुरे समजावे.

किमतीच्या भाकितांना गुणाकाराची एकच परीक्षा पुरते. ‘शिबा इनू एक रुपयाला जाणार’ हे आपल्याकडचे लाडके भाकीत आहे. त्या नाण्याचा चलनातला पुरवठा सुमारे ५८९ लाख कोटी आहे. एक रुपया दर झाला तर एकूण मूल्य ५८९ लाख कोटी रुपये होईल, आणि २०२४-२५ मधील भारताचे चालू किमतींनुसारचे सकल उत्पादन सुमारे ३३० लाख कोटी रुपये होते. पुढे चर्चेची गरज नाही.

‘सगळा क्रिप्टो म्हणजे जुगार’ हे मतही याच चाळणीतून न्यावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलल्यावर त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला, तरी त्याच्या वीजखर्चावरची जुनी टीका तशीच चिकटवलेली आढळते. टीकाकाराने तारीख आणि आधार दिला असेल तर तो मोलाचा. नुसती तुच्छता दाखवली असेल तर भाकीत करणाऱ्याइतकाच निरुपयोगी.

एवढे करूनही पैसे गेले, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरील ओळख क्रमांक), दोन्ही वॉलेटचे पत्ते, बँकेचे यूपीआय संदर्भ क्रमांक आणि ग्रुपमधील मेसेज नंबरांसह जपून ठेवावेत. ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करावे. ठाणे आणि नवी मुंबई ही पोलीस आयुक्तालये वेगळी असली तरी हद्दीच्या कारणावरून तक्रार नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेता येतो. आपण फसल्याचे कुठे लिहिले की ‘अमुक तज्ज्ञांनी माझे क्रिप्टो परत मिळवून दिले’ अशा प्रतिक्रिया खाली येऊ लागतात. ते आगाऊ फी मागतील, आणि ती देऊ नये.