क्रूझ सहल रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे पाहूनच विमा ठरवावा

प्रवास विमा घेण्यापूर्वी क्रूझ कंपनीच्या करारातील रद्दीकरणाचा तक्ता शांतपणे वाचावा, कारण आज सहल रद्द केली तर किती रक्कम बुडेल आणि दोन महिन्यांनी केली तर किती, हे त्यावरूनच कळते. जहाज सुटण्याचा दिवस जवळ येतो तशी कपात वाढत जाते आणि शेवटच्या काही दिवसांत भाड्यातले बहुधा काहीच परत मिळत नाही. समजा, भाडे १,००,००० आहे; आज कपात २५ टक्के असली, तरी पुढे ती १०० टक्क्यांवर जाणार असल्याने विमा पूर्ण भाड्याचा धरावा. बंदर शुल्क व कर सहसा परत मिळतात, त्यांचा हप्ता उगाच भरू नये. परताव्याऐवजी पुढील सहलीसाठी जमा रक्कम देऊ केली जात असेल, तर तिची मुदतही पाहावी.

साधी पॉलिसी केवळ तिच्यात नमूद केलेल्या कारणांसाठीच भरपाई देते. नुसता बेत बदलणे हे त्यांत येत नाही. ‘कोणत्याही कारणास्तव रद्द’ ही महागडी सोय बहुधा ५० ते ७५ टक्केच परत देते. घरात कोणाला जुने आजारपण असेल, तर त्याबद्दलचे कलम सर्वांत आधी वाचावे, कारण दावे तिथेच अडकतात.