कॅरॅव्हॅनमध्ये (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात) कूलबॉक्स चालवताना: वीज कुठून, किती आणि कोणत्या वायरने

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती वीज बिनधोक वाटते. पण वायर तापते ती प्रवाहाने. ४८ वॅटच्या कूलबॉक्सला २३० व्होल्टवर पाव अँपिअरही लागत नाही. १२ व्होल्टवर तोच बॉक्स ४ अँपिअर ओढतो, तेही तासन् तास. त्यामुळे ढिला सॉकेट, बारीक वायर आणि नसलेला फ्यूज हे त्रिकूट एकत्र आले की प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही.

पायरी १: बॉक्स कोणत्या जातीचा आहे ते पाहा

मागच्या पट्टीवर वॅट आणि व्होल्ट छापलेले असतात. जाती तीन.

थर्मोइलेक्ट्रिक बॉक्स स्वस्त आणि हलका. तो बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातो. बाहेर ३५ अंश असतील तर आत १५ ते २० राहणार. पाण्याच्या बाटल्यांना ते ठीक, पण दूध-मांस ५ अंशांच्या खाली हवे, त्याला नाही. शिवाय साध्या मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट नसतो, म्हणजे ४ ते ५ अँपिअर अखंड चालू.

कॉम्प्रेसर बॉक्स महाग, पण तो बर्फही धरतो आणि हवे ते तापमान आले की थांबतो. चालू असताना ४ अँपिअर धरले, तरी दिवसातला साधारण तिसरा हिस्सा वेळच तो चालतो. कडक उन्हात आणि सारखे झाकण उघडत राहिल्यास जास्त.

तिसरा ॲबसॉर्प्शन: १२ व्होल्ट, २३० व्होल्ट आणि गॅस, तिन्हींवर चालणारा. १२ व्होल्टवर तो ७ ते ८ अँपिअर खातो, म्हणून तो पर्याय फक्त गाडी धावत असताना वापरायचा. तिन्हींपैकी एका वेळी एकच स्रोत चालू ठेवा. हा बॉक्स सपाट जागी असावा लागतो. कलला की आवाज न करता थंड करणे थांबवतो आणि बिघाड नसताना लोक दुरुस्तीला नेतात.

पायरी २: दिवसाचा हिशेब मांडा

वॅट भागिले १२ म्हणजे अँपिअर. त्याला चालू राहण्याच्या तासांनी गुणा. थर्मोइलेक्ट्रिक: ४ गुणिले २४, म्हणजे ९६ अँपिअर-तास. कॉम्प्रेसर: ४ गुणिले ८, म्हणजे ३२.

आता बॅटरी. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच, म्हणजे ५० काढावेत. त्याखाली वारंवार गेले की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. थर्मोइलेक्ट्रिक बॉक्सला तेवढे बारा तास पुरतात, कॉम्प्रेसरला दीड दिवस. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० ते ९० टक्के काढता येतात. एकूण हिशेब एवढाच सांगतो की बॅटरीवर मुक्काम करायचा असेल तर थर्मोइलेक्ट्रिकचा विचार सोडावा.

स्थिर ठेवलेल्या लेड-ॲसिड बॅटरीवर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे साधारण निम्मी. लिथियमला ही मोजपट्टी लावू नका. तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. तिथे शंट (आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा भाग) असलेला बॅटरी मॉनिटरच कामाचा.

पायरी ३: स्वतंत्र वायर ओढा

गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर अवलंबून राहू नका. त्यातला प्लग स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो, रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल होतो, संपर्काच्या जागी रोध वाढतो आणि तिथेच उष्णता साठते. तासभर चालल्यावर प्लगला हात लावा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर तो लगेच बंद करा.

कॅरॅव्हॅनच्या बॅटरीपासून बॉक्सपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, लवचीक, दुपदरी वायर घ्या. अंतर ४ मीटर असले तर जाऊन-येऊन वायर ८ मीटर होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ५ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट गळतो. ४ मध्ये ०.२ पेक्षाही कमी. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटेल, पण कॉम्प्रेसर बॉक्स कमी व्होल्टेजला स्वतःला बंद करतो. बॅटरी भरलेली असूनही बॉक्स सुरू होऊन बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा दोष वायरचा असतो.

फ्यूज १५ अँपिअरचा, पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. फ्यूज हा कूलबॉक्सला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. म्हणून तो बॉक्सच्या टोकाला बसवला तर मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते. फ्यूज उडाला तर मोठा घालू नका, वायर कुठे घासली ते शोधा. टोके क्रिम्प करा (पकडीने धातूच्या टोपणात दाबून बसवा), पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच हवेच. वायरच्या बॉक्सकडच्या टोकाला अँडरसन (घट्ट बसणारा चपटा प्लग) किंवा फिरवून घट्ट बसणारा जोड लावा.

पायरी ४: गाडी चालू, गाडी उभी

गाडी आणि कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या युरोपीय १३ पिनी विद्युत जोडात ९ क्रमांकाची पिन कायम चालू असते, १० क्रमांकाची इंजिन सुरू असतानाच. बॉक्स १० वर ठेवला की गाडीची बॅटरी थांब्यावर उतरत नाही. मात्र प्रत्येक गाडीत ही पिन जोडलेली असतेच असे नाही; मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायच्या यंत्राने) तपासा. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे वीजजनित्र) मधूनमधून व्होल्टेज उतरवतात, तिथे कॅरॅव्हॅनची बॅटरी भरायला डीसी-डीसी चार्जर (व्होल्टेज योग्य पातळीला आणून बॅटरी भरणारा) लागतो.

कॉम्प्रेसर बॉक्सवरची बॅटरी-संरक्षणाची कळ गाडीच्या बॅटरीवर ‘हाय’ला ठेवा, म्हणजे गाडी सुरू होण्यापुरते शिल्लक राहते. पोर्टेबल पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) वापरत असाल तर त्याचा इको मोड बंद करा. कॉम्प्रेसर थांबला की स्टेशनला वाटते कुणी वीज घेत नाही, ते बंद होते आणि सकाळी सगळे कोमट.

पायरी ५: कॅम्पिंगच्या तळावरची २३० व्होल्टची जोडणी

बॉक्ससोबत आलेला अडॅप्टरच वापरा. इन्व्हर्टर लावून बॅटरीची वीज चढवायची आणि अडॅप्टरने परत उतरवायची, यात दोन्हीकडे तूट होते. वायरचे रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीमागे (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) हवी आणि बाहेरचा जोड गवतावर न ठेवता उचलून, झाकून ठेवा.

गॅसवरचा बॉक्स मात्र कॅरॅव्हॅनमध्ये, गाडीत किंवा तंबूत कधीही पेटवू नका, दार उघडे ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वीज वाचवणारी दोन कामे

निघण्याच्या आदल्या रात्री बॉक्स घरच्या विजेवर थंड करा आणि सामान फ्रिजमधून थेट त्यात भरा. कोमट सामान थंड करण्यातच बॅटरीची सर्वात जास्त वीज जाते. बॉक्सच्या हवेच्या जाळीभोवती १० सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. तिथे टॉवेल वाळत टाकला की पंखा गरम हवाच पुन्हा ओढतो.