मुंबईहून विमानाने गावी येताय? या चुका टाळा

गणपतीची तिकिटं निघायला लागली की कुडाळ-सावंतवाडीच्या चाकरमान्यांचा मला ठरलेला प्रश्न असतो: "अंतर चारशेच्या आत, विमान ताशी आठशेने जातं, म्हणजे अर्ध्या तासात पोचतो ना?"

नाही पोचत. मुंबई ते गोव्यातला मोपा विमानतळ सरळ रेषेत साधारण 385 किलोमीटर आहे, पण आठशेचा वेग फक्त वर, मधल्या टप्प्यात मिळतो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण त्यात धरलेली असते. म्हणून तिथे सव्वा तासाच्या आसपास लिहिलेलं दिसतं, आणि तेच खरं धरावं. भागाकार करूच नये.

नुसतं 'गोवा' बघून तिकीट काढणं ही त्याहून महागात पडणारी चूक. जानेवारी 2023 पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत: मोपा (तिकिटावरचा कोड GOX) आणि दाबोळी (कोड GOI). मोपा पेडण्यात, आपल्या बांद्याला लागून. दाबोळी वास्कोजवळ, रस्त्याने आणखी साठेक किलोमीटर दक्षिणेला. गेल्या चतुर्थीला आमच्या वाडीतल्या एका घरची मंडळी म्हातारीला घेऊन दाबोळीला उतरली आणि गाडी उभी मोपाला. "आमी भायर इलंव, तू खंय आसस?" "मी दारातच उभो आसंय!" हा घोळ उलगडेपर्यंत अर्धा तास गेला. मग गाडी तिकडे जायची, तिथून कुडाळपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर उलट यायचं. विमानाच्या दुप्पट वेळ म्हातारी बाकावर बसून होती. शंभर-दोनशे रुपये स्वस्त दिसलं की कोड न वाचता पैसे भरायचे, ही घाई मला अजिबात पटत नाही. मी तिकीट काढलं की कोड आणि टर्मिनल गाडीवाल्याला लगेच लिहून पाठवते.

सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ (SDW) कुडाळला सगळ्यात जवळ, पण तिथली सेवा सुरू-बंद होत आली आहे. आधी विमान आहे का बघा, मग बेत करा.

मुंबईच्या बाजूलाही आता नवी मुंबई विमानतळ आहे. निघताना कुठे जायचं ते दोनदा वाचा.

रस्त्याचे किलोमीटर आणि हवाई अंतर एकत्र मोजू नका.

पावसात उतरल्या उतरल्या पुढची गाडी धरायचा बेत नको. दिसेनासं झालं की विमान दुसऱ्या शहरात वळवतात.

आणि बेरीज घरापासून घरापर्यंत करा. ठाण्याहून विमानतळ, काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून दोन तास आधी पोचणं, सव्वा तास विमान, सामान, मोपाहून कुडाळ: सहा तास सहज होतात. वंदे भारत पावसाळी वेळापत्रक नसताना ठाण्याहून कणकवलीला पाच-सव्वापाच तासांत आणते. पावसाळ्यात तिला जास्त वेळ लागतो, तरी सोबत मखराचं सामान असेल तर मी रेल्वेच सांगते.